अनवाणी पायांच्या पलीकडचे अबेबे बिकिला

अबेबे बिकिला यांचा जन्म ७ ऑगस्ट १९३२ रोजी इथिओपियातील एका डोंगराळ खेड्यात मेंढपाळाच्या घरी झाला. ते तीन वर्षांचे असताना मुसोलिनीच्या इटलीने त्यांच्या देशावर आक्रमण केले. १९३७ मध्ये अॅक्सम येथील प्राचीन शिलास्तंभ लूट म्हणून रोमला नेण्यात आला. तरुणपणी अबेबे सम्राटांच्या रक्षक दलात शिपाई झाले.

१० सप्टेंबर १९६० च्या संध्याकाळी, त्याच रोममध्ये, ते ऑलिम्पिक मॅरेथॉनसाठी उभे राहिले. उपलब्ध बूट पायाला नीट बसेनात, म्हणून सरावातल्याप्रमाणे अनवाणीच धावण्याचे त्यांनी ठरविले. मशालींच्या उजेडात ते आणि मोरोक्कोचे रादी बेन अब्देसलेम दोघेच पुढे उरले. शर्यतीचा शेवट जवळ आला तेव्हा, लुटून आणलेल्या त्या स्तंभाच्या परिसरातच, अबेबेंनी वेग वाढविला आणि रादींना मागे टाकले. वेळ २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंद. तोवर जगात कोणीही मॅरेथॉन इतक्या कमी वेळात पूर्ण केली नव्हती.

ही कथा सांगताना आपण बहुधा अनवाणी पायांपाशीच थांबतो. मला ते अपुरे, किंबहुना घातक वाटते. वंचितांच्या लेकरांना साधनांची गरजच नसते, असा सोयीचा अर्थ त्यातून काढला जातो. ज्यांच्या मागच्या पिढ्या अनवाणी चालल्या त्या समाजाला याविषयी अधिक सांगणे नलगे. अबेबेंच्या यशामागे प्रशिक्षक ओन्नी निस्कानेन यांचे शिस्तबद्ध मार्गदर्शन होते आणि मार्गाची आगाऊ पाहणी होती. २१ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियोत ते बूट घालून धावले आणि रोमपेक्षा तीन मिनिटांहून अधिक लवकर पोहोचले. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया होऊन तेव्हा काही आठवडेच झाले होते! दुसरा स्पर्धक चार मिनिटांनंतर आला. तोवर अबेबे मैदानावर व्यायाम करीत होते. ऑलिम्पिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारे ते पहिले धावपटू.

१९६८ मध्ये मेक्सिकोत पायाच्या दुखापतीमुळे त्यांना शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. सुवर्णपदक त्यांचेच देशबंधू मामो वोल्डे यांनी जिंकले.

मार्च १९६९ मध्ये मोटार अपघातात त्यांचे मानेखालचे शरीर लुळे पडले. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात अनेक महिने उपचार झाले. हातांत बळ परतले. पायांत कधीच नाही. रोम आणि टोकियोची पदके साऱ्या जगाने पाहिली, परंतु त्यांच्या चिकाटीची खरी कसोटी या खाटेवर लागली, असे मला वाटते. १९७० मध्ये चाकाच्या खुर्चीत बसून ते तिरंदाजीच्या स्पर्धेत उतरले. पुढच्या वर्षी नॉर्वेत बर्फावरील घसरगाडीची शर्यत त्यांनी जिंकली.

२५ ऑक्टोबर १९७३ रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ज्यांच्या रक्षक दलात ते साधे शिपाई म्हणून दाखल झाले होते, ते सम्राट हैले सेलासी त्यांच्या अंत्यविधीस स्वतः उपस्थित होते.