बघीऱ्याचा कथाकार

बदनापूरच्या शिवारातून तुरीची रास घरी आली, म्हणजे कोठीतील उंदीर आणि त्यांच्या मागावरचे मांजर यांची धावपळ सुरू होते. बैलाला वेसण असते, गाईला दावे असते, कुत्र्याला हाक मारली की ते शेपूट हालवीत येते. मांजराचे तसे नाही. ते दुधापुरते चुलीपाशी येते, उंदीर मारते, लहान मुलाला आपल्या अंगाशी खेळू देते आणि रात्र पडली की माळवदावरून आपल्या वाटेने चालू लागते. घरात राहूनही ते कोणाचे चाकर होत नाही. माणसाचा आणि मांजराचा हा विलक्षण करार मुळात झाला तरी कसा, याची एक गोष्ट १९०२ साली प्रसिद्ध झाली. ती लिहिणाऱ्या कथाकाराने त्यापूर्वीच मांजराच्या दोन थोरल्या भावंडांना, म्हणजे एका काळ्या बिबट्याला आणि एका लंगड्या वाघाला, जगभरच्या मुलांच्या ओळखीचे करून ठेवले होते. त्या कथाकाराचे नाव रुडयार्ड किपलिंग. तो इंग्रज होता. पण जन्मला मात्र आपल्या मुंबईत.

इ. स. १८६५ च्या डिसेंबर महिन्याच्या ३० तारखेस, मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेच्या आवारातील एका घरात रुडयार्डचा जन्म झाला. त्याचे वडील लॉकवुड किपलिंग हे त्या शाळेत शिल्पकला शिकवीत असत. आज महात्मा जोतिबा फुले मंडई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इमारतीच्या दर्शनी भागावर जी उठावशिल्पे दिसतात, ती त्यांच्याच कल्पनेतून उतरली आहेत. इंग्लंडातील रुडयार्ड नावाच्या तळ्याकाठी लॉकवुड आणि ॲलिस यांची प्रथम भेट झाली होती. त्या आठवणीसाठी त्यांनी मुलाला तळ्याचेच नाव ठेवले.

रुडयार्डचे पहिले जग घरातल्या नोकरांचे होते. त्याला सांभाळणारी आया गोव्याकडची ख्रिस्ती बाई होती आणि मीता नावाचा हिंदू गडी होता. आया त्याला पहाटे फळबाजारात फिरावयास नेई. दुपारी मुलांना झोप लागावी म्हणून ती आणि मीता गोष्टी सांगत, गाणी म्हणत. संध्याकाळी मुले स्वच्छ कपडे घालून आईवडिलांकडे जावयास निघाली, की आता इंग्रजी बोलायचे हं, अशी ताकीद मिळे. मग हा चिमुकला इंग्रज मुलगा देशी भाषेत विचार करून, मनातल्या मनात त्याचे भाषांतर करीत, अडखळत अडखळत आपल्या आईवडिलांशी इंग्रजी बोले!

हे सुख पाच-सहा वर्षेच टिकले. हिंदुस्थानात राहणारे इंग्रज आपली मुले लहानपणीच विलायतेस धाडीत. येथील हवा आणि रोग यांचे त्यांना भय वाटे, शिवाय मुलांना इंग्रजी वळण लागावे अशीही इच्छा असे. १८७१ साली रुडयार्ड आणि त्याची तीन वर्षांची धाकटी बहीण ट्रिक्स यांना इंग्लंडात नेण्यात आले. साउथसी गावातील एका अनोळखी कुटुंबात पैसे भरून त्यांची सोय केली गेली. आपल्याला येथे ठेवून आईवडील परत जाणार आहेत, हे मुलांना कोणी नीट समजावून सांगितलेही नाही. एके दिवशी ती दोघे नव्हती, एवढेच मुलांना कळले.

त्या घरात रुडयार्डने जवळजवळ सहा वर्षे काढली. घरची बाई कडक आणि संशयखोर होती. दिवसभरात काय काय केलेस, म्हणून ती झोपण्यापूर्वी त्याची उलटतपासणी घेई. उत्तरांत थोडी जरी विसंगती आढळली, तरी ती खोटे बोलणे ठरे आणि मग मार बसे. मुलगा वाचावयास शिकला आणि पुस्तकांत दडून बसू लागला. हे लक्षात येताच वाचनबंदी हीच शिक्षा ठरली; तेव्हा तो चोरून वाचू लागला. एवढ्यात त्याची दृष्टी अधू होत चालली होती. फळ्यावरची अक्षरे दिसेनात, शाळेतील गुण घसरले. भीतीने त्याने प्रगतिपुस्तक नाहीसे केले. ते उघडकीस आले, तेव्हा तो खोटारडा असल्याची पाटी पाठीवर लावून त्याला शाळेत पाठविण्यात आले. वर्षातून एकदा, डिसेंबरात, लंडनला मावशीच्या घरी मात्र त्याला महिनाभर माया, चित्रे आणि गोष्टी मिळत. त्या प्रेमळ मावशीलाही त्याने आपले दुःख सांगितले नाही. लहान मुले आपल्यावरचा जुलूम सहसा बोलून दाखवीत नाहीत. जे चालले आहे ते तसेच असावयाचे, असे त्यांना वाटते.

अखेर १८७७ साली आई इंग्लंडास आली. रात्री ती मुलाच्या खोलीत गेली आणि त्याचा मुका घेण्यासाठी वाकली. तोच मुलाने मार चुकवावा तसा हात चेहऱ्यासमोर आडवा धरला. त्या एका हालचालीत आईला सहा वर्षांची हकीकत समजली. तिने मुलांना त्या घरातून बाहेर काढले.

पुढे डेव्हन परगण्यातील एका वसतिगृहाच्या शाळेत रुडयार्डचे शिक्षण झाले. तेथे त्याला चष्मा होता, मित्र होते आणि वाटेल ते वाचावयास मोकळीक होती. विद्यापीठात पाठविण्याइतका पैसा घरी नव्हता. म्हणून १८८२ साली, सतराव्या वर्षी पाऊल टाकण्यापूर्वीच, तो नोकरीसाठी हिंदुस्थानास परत निघाला. बोट मुंबईस लागली. बंदरावरचे रंग आणि वास त्याच्याभोवती दाटले आणि एक चमत्कार घडला. त्याच्या तोंडून देशी भाषेतील वाक्ये आपोआप बाहेर पडू लागली. पण त्यांचा अर्थ मात्र त्याचा त्यालाच कळेना! आयेच्या मांडीवर शिकलेली भाषा अकरा वर्षे त्याच्या आत कोठेतरी झोपून राहिली होती.

त्या वेळी वडील लाहोरच्या वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख होते. रुडयार्ड तेथील एका इंग्रजी दैनिकात रुजू झाला आणि नंतर अलाहाबादच्या पत्रात गेला. सात वर्षे त्याने बातम्या लिहिल्या, मुद्रिते तपासली. उन्हाळ्याच्या रात्री झोप येत नसे, तेव्हा तो लाहोरच्या गल्लीबोळांतून हिंडे. कथा तर त्याच्या लेखणीतून एकसारख्या झरत होत्या. १८८९ साली त्याने हिंदुस्थान सोडला, तेव्हा तो नावाजलेला लेखक होण्याच्या वाटेवर होता.

१८९२ साली कॅरोलाइन बॅलेस्टियर या अमेरिकन युवतीशी त्याचा विवाह झाला. उभयतांनी अमेरिकेच्या व्हरमाँट संस्थानात एक लहानसे घर भाड्याने घेतले. तो हिवाळा फार कडाक्याचा होता. खिडकीच्या कडेपर्यंत बर्फ चढले होते. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांना जोसेफिन नावाची मुलगी झाली. बाहेर पांढराशुभ्र शुकशुकाट, आत पाळण्यात तान्हे मूल, आणि टेबलापाशी बसलेल्या किपलिंगच्या डोळ्यांसमोर मात्र मध्य हिंदुस्थानातील पळसाचे, बांबूचे, उन्हाने तापलेले रान! लांडग्यांनी वाढविलेल्या मोगलीच्या कथा अशा बर्फात जन्मल्या. १८९४ साली 'जंगल बुक' प्रसिद्ध झाले आणि पुढल्याच वर्षी त्याचा दुसरा भाग निघाला. पुस्तकातील काही चित्रे लॉकवुड किपलिंग यांनी काढली होती.

हे रान आपल्याला परके नाही. किपलिंगने कथा शिवनीच्या डोंगरांत घडविली आहे. तेथे उगम पावणारी वैनगंगा पुढे आपल्या भंडारा आणि गडचिरोली जिल्ह्यांतून वाहते, आणि शिवनीकडचे पेंचचे जंगल नागपूर जिल्ह्यातही पसरलेले आहे. गंमत अशी, की किपलिंगने स्वतः शिवनीचे रान पाहिले नव्हते. दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तके, ऐकीव माहिती आणि हिंदुस्थानातील प्राण्यांवर ग्रंथ लिहिणाऱ्या आपल्या वडिलांचे ज्ञान यांतून त्याने ते उभे केले.

या कथांतील खरा रंग मार्जारकुळातील दोन प्राण्यांमुळे भरला आहे. शेरखान हा जन्मतःच एका पायाने लंगडा असलेला वाघ. रानातील चपळ शिकार त्याला साधत नाही, म्हणून तो गावची गुरे मारतो आणि माणसाच्या पोरावर डोळा ठेवतो. बघीरा हा काळा बिबट्या. काळा बिबट्या ही प्राण्याची निराळी जात नव्हे. आपला नेहमीचा बिबट्याच कधी काळ्या कातडीचा जन्मतो आणि उन्हाचा कवडसा नीट पडला, तर त्या काळ्या रंगातही त्याचे ठिपके उमटून दिसतात. किपलिंगने ही बारीक खूण टिपली आहे. लांडग्यांच्या सभेत मोगलीचा जीव धोक्यात येतो, तेव्हा बघीरा नुकताच मारलेला एक बैल देऊन त्या पोराचे प्राण विकत घेतो. पुढे मोगली म्हशींच्या कळपाचे दोन भाग करतो, शेरखानाला वैनगंगेच्या घळीत दोन्ही बाजूंनी कोंडतो आणि त्याचा शेवट करतो. तो प्रसंग ज्याने वाचला, तो विसरणार नाही.

परंतु मला अधिक आठवते ते बघीऱ्याचे गुपित. त्याच्या हनुवटीखाली एका जागी केस झिजलेले आहेत. उदेपूरच्या राजवाड्यातील पिंजऱ्यात तो जन्मला आणि त्याची आई तेथेच गजाआड मेली. एके रात्री आपण बिबट्या आहोत, माणसाचे खेळणे नव्हे, हे त्याला उमगले. पंजाच्या एका फटक्याने कुलूप मोडून तो रानात आला. गळपट्ट्याचा घट्टा मात्र राहिला. हे गुपित तो सगळ्या रानात एकट्या मोगलीला सांगतो. ही कथा रचताना किपलिंगला साउथसीचे घर आठवले असेल काय? त्याने तसे कोठे लिहिलेले नाही. पण पाठीवर पाटी वागविलेल्या मुलाला गळ्यावरच्या घट्ट्याचा अर्थ कोणी शिकविण्याची गरज नव्हती, असे वाटते.

जोसेफिन मोठी होऊ लागली, तशा तिला रोज रात्री गोष्टी लागू लागल्या. उंटाला मदार कशी आली, हत्तीला सोंड कशी फुटली, अशा त्या गमतीच्या गोष्टी होत्या. त्या ठरल्या शब्दांतच सांगाव्या लागत. एक शब्द इकडचा तिकडे झाला, तरी ती बापाला अडवून दुरुस्त करी. १८९९ च्या हिवाळ्यात किपलिंग कुटुंबासह समुद्रमार्गे न्यूयॉर्कला गेला. तेथे बाप आणि मुलगी दोघांनाही फुप्फुसाचा दाह झाला. किपलिंग मरणाच्या दारातून परत आला. सहा वर्षांची जोसेफिन ६ मार्च रोजी गेली. त्याची प्रकृती इतकी नाजूक होती, की ही वार्ता त्याला काही दिवस सांगण्यात आली नाही. त्यानंतर त्याने अमेरिकेत कधीही पाऊल टाकले नाही.

तीन वर्षांनी, १९०२ साली, त्या गोष्टींचे पुस्तक निघाले. त्यातील चित्रे त्याने स्वतः काढली. एकट्याने हिंडणाऱ्या मांजराची गोष्ट याच पुस्तकात आहे. सारे प्राणी रानटी होते, तेव्हाची ही कथा. गुहेतील बाईने कुत्र्याला हाडकावर, घोड्याला आणि गाईला गवतावर वश केले. मांजर म्हणाले, मी चाकर होणार नाही. पण मला शेकोटीची ऊब आणि दूध हवे. बाई हसली. मी तुझी तीनदा स्तुती केली तर तुला गुहेत बसण्याची, शेकोटीजवळ येण्याची आणि दिवसातून तीनदा दूध पिण्याची मुभा, असा तिने शब्द दिला. मांजराने तिचे रडणारे बाळ हसविले, मग गुरगुर करीत त्याला झोपविले आणि शेवटी एक उंदीर मारला. तीन वेळा बाईच्या तोंडून स्तुती निघून गेली! पुरुष आणि कुत्रा मात्र या करारात नव्हते, म्हणून आजही कोणी मांजरावर जोडा भिरकावतो आणि कुत्रे त्याच्या मागे लागते. पुस्तकातील चित्रात पर्णहीन झाडांच्या मधून, शेपटी वर करून, मांजर एकटे दूर चाललेले आहे. ज्या मुलीसाठी या गोष्टी जुळल्या, ती पुस्तक पाहावयास नव्हती.

१९०७ साली किपलिंगला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळविणारा तो पहिला इंग्रजी लेखक. वय अवघे एकेचाळीस. इतक्या लहान वयात साहित्याचे हे पारितोषिक आजवर दुसऱ्या कोणाला लाभलेले नाही.

एक गोष्ट येथे लपवून चालणार नाही. ज्यांच्या मांडीवर तो वाढला, ज्यांच्या गोष्टी ऐकून कथाकार झाला, त्या लोकांना आपले राज्य आपण चालविता येईल, हे किपलिंगने कधी मानले नाही. ब्रिटिश साम्राज्याचा तो कट्टर कैवारी होता. १९१९ साली जालियनवाला बागेत निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडविणाऱ्या डायरसाठी इंग्लंडात निधी जमविण्यात आला, त्यातही त्याने वर्गणी घातली. पिंजऱ्यातल्या बिबट्याचे मन ओळखणाऱ्या लेखकाला पारतंत्र्यातल्या माणसांचे मन ओळखता येऊ नये, याचे दुःख होते.

साम्राज्याच्या त्या अभिमानाची किंमत त्याच्या घरानेही मोजली. पहिल्या महायुद्धात त्याचा एकुलता मुलगा जॉन अधू दृष्टीमुळे सैन्यात नाकारला गेला होता. बापाने आपले वजन खर्चून त्याला अधिकारपद मिळवून दिले. १९१५ साली, अठराव्या वर्षी, जॉन फ्रान्समधील लूसच्या लढाईत नाहीसा झाला. किपलिंगने कित्येक वर्षे शोध केला, त्याच्या पलटणीतील शिपायांना भेटून विचारपूस केली. पण मुलाचे प्रेत त्याच्या हयातीत सापडले नाही.

१८ जानेवारी १९३६ रोजी लंडन येथे किपलिंगचे निधन झाले. शेवटच्या दिवसांत तो आत्मचरित्र लिहीत होता. ते अपुरे राहिले आणि मृत्यूनंतर, १९३७ साली, छापले गेले. त्यातील सर्वांत पहिली आठवण आहे ती मुंबईतल्या एका पहाटेची. अंगावर कोवळा उजेड पडला आहे आणि सोनेरी, जांभळ्या फळांच्या राशी त्या चिमुकल्या मुलाच्या खांद्याला लागतील इतक्या उंच रचलेल्या आहेत.