जॉन स्नो

इंग्लंडातील यॉर्क नगरात सन १८१३ मध्ये एका मजुराच्या घरी जॉन स्नोचा जन्म झाला. नऊ भावंडांत तो थोरला. चौदाव्या वर्षी तो एका शल्यवैद्याकडे उमेदवारी करू लागला. पुढे पटकीची साथ आली, तेव्हा त्याला किलिंगवर्थच्या कोळशाच्या खाणीवर रोग्यांच्या उपचारासाठी पाठविण्यात आले. तेथील हाहाकार तो कधी विसरला नाही.

त्या काळचे बहुतेक विद्वान वैद्य या रोगाचे कारण एकाच शब्दात सांगत : ‘मायाझ्मा’, म्हणजे घाणीतून उठणारी विषारी हवा. शब्द मोठा भारदस्त! ग्रंथांत व सरकारी अहवालांतही तोच आढळे. (मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थही ‘वाईट हवा’ असाच आहे.) रोग हवेत आहे असे एकदा ठरल्यावर उपायही हवेवरच होणार. दुर्गंध नाहीसा करण्यासाठी लंडनच्या अधिकाऱ्यांनी मैल्याचे खड्डे धुऊन ती घाण थेम्स नदीत सोडली. आणि शहरातील असंख्य लोक त्याच नदीचे पाणी पीत होते!

स्नोला हे पटेना. विष श्वासावाटे शिरत असेल, तर प्रथम फुप्फुसे बिघडावीत. पटकीत तर आतडी बिघडतात. ते पाण्यातून पोटात जात असले पाहिजे, असे त्याने १८४९ साली एका पुस्तिकेत मांडले. फारसे कोणी ऐकले नाही.

१८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकी उसळली. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. स्नो दारोदार हिंडून मृतांनी कोठले पाणी प्यायले होते, याची चौकशी करू लागला. बहुतेक मृत्यू एका सार्वजनिक पंपाभोवती घडले होते. मात्र जवळच्याच मद्याच्या कारखान्यातील एकही कामगार मेला नव्हता. त्यांची स्वतंत्र विहीर होती. उलट, दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक वृद्धा मेली. या पंपाचे पाणी तिला आवडे, म्हणून ती ते मुद्दाम मागवीत असे! ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, हेही स्नोने लपविले नाही.

तरीही सरकारी चौकशी समितीने त्याचे मत नाकारले. हेन्री व्हाइटहेड नावाचा तरुण पाद्री ते खोडून काढावयास निघाला आणि अखेर स्वतःच स्नोचा साक्षीदार बनला.

१८५८ साली, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी स्नो निवर्तला. आठ वर्षांनी पूर्व लंडनात पुन्हा पटकी आली. पूर्वी हवेलाच दोष देणाऱ्या विल्यम फारने या वेळी पहिली चौकशी केली ती पाण्याची. आणि लोकांना पाणी उकळून पिण्याचा इशारा देण्यात आला.