विश्लेषण : ऐन उमेदीत आवाज गेला, तरी नवी गायकी उभी राहिली... कोण होते उस्ताद अल्लादिया खाँ?

तिशी-चाळिशीत गाणे शिकायला बसणाऱ्याला पहिली शंका येते ती आवाजाची. या वयात गळा तयार होतो का, बसलेला आवाज सुधारतो का, असे प्रश्न संगीतवर्गांत रोज विचारले जातात. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांच्यापुढे हा प्रश्न फार कठीण रूपात उभा राहिला होता. त्यांचा तर घडवलेला, नावाजलेला आवाजच गेला होता. त्यावर त्यांनी काय केले?

खाँसाहेब मूळचे कुठले?

घराणे उत्तर प्रदेशातील अत्रौलीचे. खाँसाहेबांचा जन्म मात्र १० ऑगस्ट १८५५ रोजी राजस्थानातील उनियारा येथे झाला. वडील अहमद खाँ गवई होते, पण मुलगा किशोरवयात असतानाच ते गेले. पुढची तालीम काका जहांगीर खाँ यांच्याकडे झाली. आधी धृपद आणि मग ख्याल, असा तो क्रम होता. एकच पलटा तासन् तास घोटायचा, असा त्या काळचा रिवाज. अशा मेहनतीतून आवाज तयार झाला. दरबारांतून बोलावणी येऊ लागली.

आवाज कशामुळे गेला?

माळव्यातील आमलेटा या छोट्या संस्थानात हे घडले. तिथल्या संस्थानिकाला गाण्याचा अतोनात शौक. खाँसाहेबांना दिवसामागून दिवस, तासन् तास गायला बसवले गेले. आश्रयदात्याला नाही म्हणण्याची सोय त्या काळी गवयाला नव्हती. या अतिगायनाने गळा बसला आणि काही काळ गाणेच थांबले.

यामागचे गणित पाहण्यासारखे आहे. काळी एक पट्टीतला मध्य षड्ज लावताना स्वरयंत्रातल्या दोन पडद्या सेकंदाला साधारण १३८ वेळा एकमेकींवर आदळतात. तोच स्वर अखंड तासभर लावला तर हा आकडा पाच लाखांच्या आसपास जातो, आणि वरच्या स्वरांत तो आणखी वाढतो. विश्रांती मिळाली नाही तर पडद्यांना सूज येते, आवाज घोगरा होतो. मारा चालूच राहिला तर त्यावर गाठीही धरू शकतात. खाँसाहेबांच्या गळ्यात नेमके काय झाले, हे तपासायला तेव्हा कुणी नव्हते. (आज आवाज दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसून राहिला तर रियाज वाढवण्याऐवजी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.)

मग आवाज परत आला का?

आला, पण पूर्वीचा नाही. आधीची गोडी आणि लवचिकता त्यात राहिली नव्हती. खाँसाहेबांचे मोठेपण इथून सुरू होते. गेलेल्या आवाजाची नक्कल करत बसण्याऐवजी त्यांनी उरलेल्या आवाजाला पेलेल, शोभेल असे गाणे रचायला घेतले.

जयपुरात ऐकलेल्या मुबारक अली खाँ यांच्या पेचदार तानांचा त्यांच्यावर दाट प्रभाव होता. त्या वळणाने त्यांनी आपली तान घडवली. सरळ चढउताराऐवजी वक्र, गुंफलेली तान आली. स्वर आणि लय सुटी न ठेवता प्रत्येक मात्रेला स्वरवाक्य बांधले गेले. मोकळा, खुला आकार आणि दमसास हा पाया ठरला. सोबतीला संपूर्ण मालकंस, बसंती केदार असे अनवट आणि जोड राग. म्हणजे आवाजाच्या नैसर्गिक गोडव्यावर जो भार असायचा, तो श्वास, लय आणि बुद्धीवर वळवला गेला. आज ‘जयपूर गायकी’ची वैशिष्ट्ये म्हणून जे शिकवले जाते, त्यातले बरेचसे त्या आपत्तीनंतर आकाराला आले आहे.

महाराष्ट्राशी नाते कसे जुळले?

कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना दरबारगायक म्हणून आश्रय दिला. १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाल्यावर खाँसाहेब मुंबईला आले आणि १६ मार्च १९४६ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

मोठ्या वयाच्या शिष्यांना ते कसे शिकवत?

त्यांचे अनेक नामवंत शिष्य आधीच गवई म्हणून उभे राहिलेले होते, ही गोष्ट सहसा नजरेआड होते. भास्करबुवा बखले यांचे नाव आधीच झालेले होते. केसरबाई केरकर यांचा जन्म १८९२ चा. लहानपणी अब्दुल करीम खाँ, पुढे रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा अशा गुरूंकडे त्या शिकल्या होत्या, मैफलीही करत होत्या. खाँसाहेबांचा गंडा बांधला तो १९२१ मध्ये, म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावर. त्यानंतर स्वर लावण्यापासून सगळे नव्याने सुरू झाले. ही तालीम गुरूच्या अखेरपर्यंत, जवळपास पंचवीस वर्षे चालली.

मोगूबाई कुर्डीकर यांना त्यांची तालीम तरुणपणी सांगलीत मिळाली, मग ती तुटली आणि पुन्हा जुळली. केसरबाईंचा आवाज रुंद, भरदार. मोगूबाईंचे बळ लयीत. गळे इतके वेगळे असूनही गायकी एकच. वयात आल्यावर स्वरयंत्राची ठेवण फारशी बदलत नाही. बदलता येतो तो श्वासावरचा ताबा, स्वराचा नेमकेपणा आणि तोंड-घशातली आवाजाची वाट. खुल्या आकाराचा रियाज या तिन्हींवर काम करतो. आवाज कमावणे हा शब्द मराठीत उगाच रूढ झालेला नाही.

त्यांचे गाणे आज ऐकता येते का?

नाही. ध्वनिमुद्रणाचे युग डोळ्यांदेखत बहरले, तरी खाँसाहेबांची एकही तबकडी उपलब्ध नाही. त्यांची गायकी ऐकायची तर शिष्यांकडूनच. मंजी खाँ आणि भुर्जी खाँ या त्यांच्या मुलांकडून ती मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यापर्यंत पोहोचली; मन्सूरही आधी ग्वाल्हेर गायकी शिकून, ध्वनिमुद्रिका निघाल्यावर या घराण्याकडे आले होते. केसरबाईंच्या भैरवीचे सुमारे साडेतीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण १९७७ मध्ये ‘नासा’च्या व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडीत गेले. दोन्ही याने आता सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे आहेत.