डनलॉप नावाचा माणूस

आमच्या बोईसरला सायकल ही कधीच चैनीची वस्तू नव्हती. तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळी बदलायची वेळ झाली की रस्त्याने सायकलींची रांग लागे. मोटारसायकली व रिक्षा वाढल्या तरी ती रांग अजून पुरती मोडलेली नाही. माझ्या बाबांनी त्याच रांगेतून कित्येक वर्षे नोकरी केली. त्यांची काळी, अठ्ठावीस इंची सायकल. तिची ट्यूब आणायची तर दुकानात अठ्ठावीस दीड एवढे दोनच शब्द उच्चारावे लागत. निवड करण्याचा प्रश्नच नव्हता.

धाकट्या भावाने गेल्या वर्षी मुंबईहून कुणाची तरी वापरलेली, गिअरची, जाड टायरची परदेशी सायकल आणली. डोंगरावर चालवायची म्हणतात ती. चिल्हार रस्त्यावर तिच्या चाकात बाभळीचा काटा शिरला, आणि ट्यूब आणायचे काम माझ्याकडे आले. मी मोठ्या ऐटीत सव्वीस इंची ट्यूब आणली. रात्री बसवायला घेतली तर ट्यूबचे तोंड जाड आणि रिमचे भोक बारीक! दुसऱ्या दिवशी भाऊ पायी कामावर गेला, उशीर झाला आणि त्याची अर्ध्या दिवसाची हजेरी बुडाली. तो मला काही बोलला नाही, हे जास्त लागले.

मग आमच्या नेहमीच्या पंक्चरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी आधी टायरच्या कडेवरचे आकडे वाचायला लावले. पहिला आकडा चाकाच्या उंचीचा, दुसरा टायरच्या रुंदीचा. ट्यूबवर रुंदी कुठपासून कुठपर्यंत चालेल ते छापलेले असते, आपला टायर त्या दोन आकड्यांच्या मध्ये बसला पाहिजे. ट्यूब अरुंद घेतली तर ती ताणून पातळ होते आणि लवकर फुटते, फार रुंद घेतली तर आत घडी पडते आणि त्या घडीवर घासून फाटते. शेवटी तोंड. मोटारीच्या ट्यूबसारखे जाड तोंड असेल तर रिमला सुमारे आठ मिलिमीटरचे भोक लागते, बारीक लांबट तोंडाला सहाचे. बाबांच्या सायकलीला असते ते तिसरे, आत इवलीशी रबरी नळी चढवलेले. त्याला पुस्तकात डनलॉप व्हॉल्व्ह म्हणतात, असे मी माझे ज्ञान पाजळले. तेव्हा काकांनी विचारले, की डनलॉप हे कंपनीचे नाव की माणसाचे? मला धड सांगता आले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे म्हटले तरी चालेल.

जॉन बॉइड डनलॉप याचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. तो दिवस भरण्यापूर्वीच जन्मला होता, त्यामुळे आपली प्रकृती नाजूक आहे अशी त्याची समजूत करून दिली गेली आणि ती त्याने जन्मभर जपली. हा माणूस जगला मात्र एक्क्याऐंशी वर्षे! एडिंबरोला तो गुरांच्या डॉक्टरकीचे शिक्षण घेऊन वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी उत्तीर्ण झाला. काही वर्षे स्कॉटलंडात काढून १८६७ मध्ये तो आयर्लंडला गेला आणि पुढे बेलफास्टला स्थायिक झाला. तेथे त्याचा धंदा चांगला भरभराटीला आला. म्हणजे चाकाशी त्याचा संबंध एवढाच, की घोडी गाड्या ओढीत आणि हा घोड्यांना औषध देई.

१८८७ साली त्याचा मुलगा जॉनी नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्यापाशी तीनचाकी सायकल होती. तिच्या चाकांना भरीव रबराची धाव आणि बेलफास्टचे रस्ते दगडी फरसाचे. पोराला धक्के फार बसत. अशा वेळी बहुतेक बाप मुलाला सायकल जपून चालवायला सांगतात. डनलॉपने चाकाचा विचार केला. भरीव धाव दगडावर चढली की सगळे चाक आणि वर बसलेला माणूस त्या दगडाएवढा उचलला जातो. त्या उचलण्यात जोर वाया जातो आणि हाडेही दुखतात. धावेतच हवा कोंडली तर दगडापुरती हवा दबेल आणि दगड मागे पडताच पुन्हा फुगेल, चाकाला उडी मारावी लागणार नाही.

त्याने सुमारे तीन फूट व्यासाची लाकडी चकती घेतली. रबराच्या पातळ पत्र्याची नळी चिकटवून केली, ती चकतीच्या कडेला बसवली आणि वरून कापडाची पट्टी खिळ्यांनी ठोकून पक्की केली. हवा भरली ती मुलाच्या फुटबॉलच्या पंपाने! मग अंगणात आधी तीनचाकीचे भरीव धावेचे चाक ढकलले. ते थोडे जाऊन लवंडले. हवेचे चाक ढकलले तर ते अंगण ओलांडून फाटकावर आपटले आणि उलट मागे फिरले. सगळ्या संशोधनात मला हा प्रसंग सर्वांत जवळचा वाटतो. त्यात प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही, एक अंगण आहे.

२८ फेब्रुवारी १८८८ रोजी जॉनीच्या सायकलीच्या मागच्या दोन्ही चाकांवर हवेची धाव चढली. जुलैत डनलॉपने पेटंटसाठी अर्ज केला आणि ७ डिसेंबरला ते मिळाले. गंमत अशी, की त्याच १८८८ साली इकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या सायकलींच्या धंद्याला आरंभ झाला. पुढे नांगर आणि पंप करणारे हे घराणे सायकलीवरूनच उद्योगात आले.

लोकांनी जाडजूड टायर पाहून चेष्टा केली. ती १८ मे १८८९ ला थांबली. बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम या गड्याने हवेच्या टायरवर बसून शर्यती मारल्या. हरलेल्यांत हार्वे दु क्रॉ या डब्लिनच्या व्यापाऱ्याचे मुलगे होते. बाप व्यवहारी. मुलांना दोष देत न बसता त्याने टायरची चौकशी केली आणि त्याच वर्षी कंपनी काढली. डनलॉपने आपले हक्क कंपनीला दिले व मोबदल्यात काही रोख रक्कम आणि समभाग घेतले.

आणि मग घाव बसला. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते आणि १८४७ मध्ये लंडनमध्ये घोडागाडीला अशी चाके लावून दाखवलीही होती. त्या वेळी ना सायकली होत्या, ना स्वस्त पातळ रबर, म्हणून जग ते विसरून गेले. डनलॉपला त्याची गंधवार्ताही नव्हती, पण कायद्याला त्याचे काय? पेटंट रद्द ठरले. कंपनी तगली ती दुसऱ्यांच्या युक्त्यांवर. डनलॉपची ट्यूब चाकाला चिकटवून टाकलेली असे, त्यामुळे पंक्चर काढणे म्हणजे तासन्‌तासांचे काम. टायर रिमवरून काढता-घालता यावा ही सोय वेल्च आणि बार्टलेट यांनी १८९० मध्ये शोधली. कंपनीने त्यांचे हक्क विकत घेतले. आमच्या काकांचा धंदा खरे तर या दोघांमुळे चालतो, पण त्यांची नावे कुणाला ठाऊक आहेत?

१८९५ मध्ये डनलॉपने कंपनी सोडली. दुसऱ्याच वर्षी हूली नावाच्या सट्टेबाजाने ती तीस लाख पौंडांना घेतली आणि पन्नास लाखांना लोकांच्या गळ्यात मारली. डनलॉपला मात्र आपल्या शोधातून मोठी संपत्ती मिळाली नाही. त्याच सुमारास रबराची भूक एवढी वाढली, की बेल्जियमच्या राजाच्या ताब्यातील काँगोत रबर कमी भरले म्हणून माणसांचे हात तोडले जात. मुलाला धक्के बसू नयेत म्हणून सुरू झालेली गोष्ट कुठे जाऊन पोचली! त्यात डनलॉपचा दोष नव्हता हे खरे, पण टायरचा इतिहास सांगताना हे पान वगळून पुढे जाणे मला जमले नाही.

उरलेले आयुष्य त्याने डब्लिनमध्ये एका कापडाच्या पेढीच्या कारभारात काढले. कारखाने वाढत होते, मोटारी आल्या होत्या, त्याचे नाव चाकाचाकावर फिरत होते आणि तो कापडाच्या व्यापारात होता. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी तो वारला. आपल्याकडे त्याच्या नावाचा मोठा कारखाना पश्चिम बंगालमध्ये साहागंज येथे १९३६ मध्ये निघाला होता. तोही आता बंद पडला आहे.

हे सगळे मी काकांना सांगितले. ते घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधत होते. पेटंट गेल्याचे ऐकून त्यांनी क्षणभर हात थांबवला आणि त्या मुलाचे, जॉनीचे, पुढे काय झाले असे विचारले. तेही मला सांगता आले नाही. त्यांनी भोक सापडलेल्या जागी खूण केली, कानशीने रबर घासले आणि सोल्यूशनची नळी माझ्या हातात दिली.