पेट्यांच्या आगगाडीतला वक्ता

पालकहो, आपले मूल यंदा शाळेच्या वादविवादात उभे राहणार म्हणते ना? मग त्याला मौलाना अबुल कलाम आझादांचे बालपण जरूर सांगा. जन्म 1888 चा, मक्केतला. शिक्षण सारे घरीच, वडिलांच्या करड्या शिस्तीत. शाळाच नाही, तर स्पर्धा कुठली! हा मुलगा घरातल्या पेट्या ओळीने मांडून आगगाडी करी, वडिलांची पगडी चढवी, मग उंचावर उभा राहून भाषण ठोकी. श्रोते म्हणजे बहिणी. हजारोंचा जमाव जमलाय असे समजून टाळ्या वाजवायच्या, असा त्याचा हुकूम! त्या बिचाऱ्या वाजवीतही. सेनगावच्या आपल्या घरांत मात्र मूल मोठ्याने बोलले की आपण आधी गप्प बसवतो. 1923 साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, मौलाना दिल्लीच्या विशेष काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून बोलायला उभे राहिले; यावेळी जमाव खराच होता.