रॉबर्ट वॉरिंग्टन

रॉबर्ट वॉरिंग्टन (७ सप्टेंबर १८०७ – १७ नोव्हेंबर १८६७) हे इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ होते. लंडनच्या केमिकल सोसायटीच्या स्थापनेमागील प्रमुख प्रेरक आणि गोड्या पाण्यातील वनस्पतियुक्त मत्स्यालयाचे तत्त्व प्रयोगाने मांडणारे संशोधक म्हणून ते ओळखले जातात. मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचे प्रमाण योग्य राखले, तर काचपात्रातील पाणी वारंवार न बदलताही ते निर्मळ राहते, असे त्यांनी १८४९-५० मध्ये दाखवून दिले. घरगुती ॲक्वेरियममध्ये आजही पाळल्या जाणाऱ्या अनेक नियमांचे मूळ या प्रयोगात आहे.

सुरुवातीचे जीवन

वॉरिंग्टन यांचा जन्म इंग्लंडमधील केंट परगण्यातील शीअरनेस या बंदराच्या गावी झाला. त्यांचे वडील थॉमस वॉरिंग्टन जहाजांना अन्नसामग्री पुरवण्याचा व्यवसाय करीत. रॉबर्ट यांचे शालेय शिक्षण लंडनच्या मर्चंट टेलर्स शाळेत झाले. १८२२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, जे. टी. कूपर या रसायनशास्त्राच्या अध्यापकाकडे ते पाच वर्षांच्या करारावर शिकाऊ म्हणून दाखल झाले. कूपर सोडियम, पोटॅशियम, आयोडीन यांसारखी त्या काळी दुर्मीळ असलेली द्रव्ये तयार करीत. त्यामुळे वॉरिंग्टन यांना प्रत्यक्ष प्रयोगशाळेतील कामाची सवय लहान वयातच लागली.

१८२८ मध्ये नव्याने सुरू झालेल्या लंडन विद्यापीठात, म्हणजे आजच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, रसायनशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड टर्नर यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी काम केले. १८३१ ते १८३९ या काळात ते ट्रूमन, हॅनबरी आणि बक्स्टन या बिअर तयार करणाऱ्या कंपनीत रसायनतज्ज्ञ होते. १८३५ मध्ये त्यांचा विवाह एलिझाबेथ जॅक्सन यांच्याशी झाला. सासरे जॉर्ज जॅक्सन हे शल्यचिकित्सक असून सूक्ष्मदर्शकात सुधारणा करण्यासाठी प्रसिद्ध होते.

केमिकल सोसायटी आणि व्यावसायिक कार्य

त्या काळात लंडनमध्ये रसायनशास्त्राला वाहिलेली टिकाऊ स्वरूपाची संस्था नव्हती. वॉरिंग्टन यांनी शहरातील रसायनतज्ज्ञांशी संपर्क साधून फेब्रुवारी १८४१ मध्ये एक सभा बोलावली. तिच्यातूनच केमिकल सोसायटी ऑफ लंडन ही संस्था उभी राहिली. थॉमस ग्रॅहम तिचे पहिले अध्यक्ष झाले. वॉरिंग्टन यांनी दहा वर्षे सचिवपद सांभाळले. आजची रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री ही याच संस्थेची उत्तराधिकारी होय.

१८४२ मध्ये औषधनिर्मात्यांच्या सोसायटी ऑफ अपोथेकरीज या संस्थेत रासायनिक औषधनिर्मितीच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक झाली. लंडनमधील ब्लॅकफ्रायर्स भागातील अपोथेकरीज हॉल हेच त्यांचे कार्यस्थळ बनले. १८४४ मध्ये त्यांनी बाजारातील हिरव्या चहाचे परीक्षण केले. या चहाच्या पानांना प्रशियन निळा रंग आणि जिप्समसारखी द्रव्ये चोपडून हिरवा रंग आणला जातो, असे त्यांनी सिद्ध केले. अन्नभेसळीच्या रासायनिक तपासणीतील हे सुरुवातीचे महत्त्वाचे काम मानले जाते. १८६४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश फार्माकोपियाच्या दुसऱ्या आवृत्तीचे संपादन त्यांनी थिओफिलस रेडवुड यांच्यासमवेत केले.

मत्स्यालयाचा प्रयोग

पार्श्वभूमी

हिरव्या वनस्पती प्रकाशात ऑक्सिजन बाहेर टाकतात आणि प्राणी कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, ही माहिती अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रस्थापित झाली होती. तरीही घरात पाळलेल्या गोल्डफिशचे पाणी सतत बदलावे लागे. ते न बदलल्यास मासे गुदमरून मरत. सोसायटी ऑफ अपोथेकरीजचेच एक सदस्य नॅथानिएल वॉर्ड यांनी काचेच्या बंद पेटीत नाजूक झाडे वर्षानुवर्षे जगवून दाखवली होती. जमिनीवरील वनस्पतींना लागू पडणारे हे तत्त्व पाण्यातील सजीवांना लागू करून पाहण्याचे काम वॉरिंग्टन यांनी हाती घेतले.

मांडणी

१८४९ मध्ये त्यांनी सुमारे १२ गॅलन, म्हणजे साधारण ५४ लिटर, मावेल असे काचेचे पात्र घेतले आणि ते जवळपास अर्धे झऱ्याच्या पाण्याने भरले. तळाशी वाळू आणि चिखल पसरला. वालुकाश्म आणि चुनखडीचे सच्छिद्र दगड अशा रीतीने रचले, की माशांना त्यांच्या आडोशाला जाता यावे. व्हॅलिस्नेरिया स्पायरॅलिस या फितीसारख्या लांब पानांच्या पाणवनस्पतीचे एक लहान रोप चिखलात लावून त्याच्या मुळांवर दगड ठेवला. पात्रात दोन लहान गोल्डफिश सोडले. लंडनच्या हवेतील काजळी पाण्यात पडू नये, पण हवा मात्र खेळती राहावी, यासाठी तोंडावर तांब्याच्या तारेच्या कड्यावर ताणलेली पातळ मलमल बसवली.

तिसरा घटक

थोडे दिवस सारे सुरळीत चालले. नंतर व्हॅलिस्नेरियाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि काचेवर व पाण्याच्या पृष्ठभागावर हिरवा बुळबुळीत थर साचला. अशा स्थितीत पाणी बदलून टाकणे सोपे होते. परंतु तसे केल्याने प्रयोगाचा हेतूच बुडाला असता. नैसर्गिक तळ्यात कुजणारी पाने कोण संपवते, याचा विचार करून वॉरिंग्टन यांनी लिम्निया स्टॅग्नॅलिस या जातीच्या पाच-सहा पाणगोगलगायी पात्रात सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ खाऊन टाकले आणि पाणी पुन्हा नितळ झाले. गोगलगायींची अंडी माशांना खाद्य म्हणून मिळू लागली आणि व्हॅलिस्नेरियाला धावत्या खोडांवर नवी रोपे फुटली.

या निरीक्षणांवरील निबंध वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे वाचला. मासा, वनस्पती आणि मृत सेंद्रिय द्रव्याचा निकाल लावणारा सफाईदार प्राणी, असे तीन घटक एकमेकांच्या गरजा भागवतात, हे त्याचे सार होते. केवळ मासा आणि वनस्पती यांची जोडी अपुरी ठरते, हा त्यातील नवा भाग होता.

पुढील प्रयोग आणि प्रसार

यानंतर वॉरिंग्टन यांनी समुद्राच्या पाण्यावर असेच प्रयोग केले. लाल आणि तपकिरी सागरी शैवाल पात्रात कुजते, हिरवे मात्र टिकते, असे त्यांना आढळले. बाष्पीभवनाने पाणी अधिक खारे होत जाते, म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणी घालून क्षारता स्थिर ठेवण्याची पद्धतही त्यांनी अवलंबली. निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस हे त्याच सुमारास स्वतंत्रपणे याच दिशेने काम करीत होते. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले आणि १८५४ मध्ये गॉस यांचे ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. काचेवरील कर १८४५ मध्ये रद्द झाल्याने काचपेट्या स्वस्त झाल्या होत्या. या सर्वांमुळे इंग्लंडमधील मध्यमवर्गीय घरांत मत्स्यालयाचा छंद झपाट्याने पसरला. १८५७ मध्ये वॉरिंग्टन यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये याच विषयावर व्याख्यान दिले.

सिद्धान्ताच्या मर्यादा

वॉरिंग्टन यांनी मांडलेला समतोल खरा असला, तरी त्याचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण अपुरे होते. वनस्पती रात्री ऑक्सिजन सोडत नाहीत, उलट श्वसनासाठी वापरतात. मत्स्यालयातील ऑक्सिजनचा मोठा वाटा पाण्याच्या पृष्ठभागातून हवेतून येतो. वॉरिंग्टन यांच्या रुंद, अर्ध्या भरलेल्या आणि मलमलीने झाकलेल्या पात्रात हा पुरवठा सहज होत होता.

दुसरी उणीव अधिक मूलभूत होती. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात आणि तो अत्यल्प प्रमाणातही त्यांना घातक असतो. वनस्पती काही अमोनिया शोषतात. उरलेल्याचे रूपांतर वाळूत आणि दगडांवर वाढणारे सूक्ष्मजीव करतात. वॉरिंग्टन यांच्या पात्रात हा चौथा घटक हजर होता, परंतु १८५० मध्ये तो कोणालाच ठाऊक नव्हता.

कुटुंब आणि वैज्ञानिक वारसा

या चौथ्या घटकाच्या शोधात वॉरिंग्टन यांच्या मुलाचा मोठा वाटा आहे. धाकटे रॉबर्ट वॉरिंग्टन (१८३८–१९०७) वडिलांच्या अपोथेकरीज हॉलमधील प्रयोगशाळेत रसायनशास्त्र शिकले आणि पुढे रोथॅमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात काम करू लागले. अमोनियापासून नायट्रेट बनण्याची क्रिया सजीवांमुळे होते, असे १८७७ मध्ये फ्रान्समधील श्लोझिंग आणि म्युंत्झ यांनी दाखवले होते. धाकट्या वॉरिंग्टन यांनी ही क्रिया दोन टप्प्यांत आणि दोन वेगवेगळ्या सूक्ष्मजीवांकडून होते, हे स्पष्ट केले. पहिला टप्पा अमोनियापासून नायट्राइटचा आणि दुसरा नायट्राइटपासून नायट्रेटचा. या क्रियेला चुनखडीसारखे आम्ल शमवणारे द्रव्य लागते, हेही त्यांना आढळले. हे सूक्ष्मजीव शुद्ध स्वरूपात वेगळे करणे मात्र त्यांना साधले नाही. ते काम सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास केले.

धाकट्या वॉरिंग्टन यांच्या कन्या कॅथरीन वॉरिंग्टन (१८९७–१९९३) याही रोथॅमस्टेड येथे वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. वनस्पतींच्या वाढीसाठी अत्यल्प प्रमाणात बोरॉन आवश्यक असते, हे त्यांनी १९२३ मध्ये सिद्ध केले. मत्स्यालयातील वनस्पतींसाठीच्या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या खतांत आज बोरॉनचाही समावेश असतो. अशा रीतीने वनस्पतियुक्त मत्स्यालयाच्या शास्त्राला या कुटुंबातील तीन पिढ्यांचा हातभार लागला आहे.

पाणीटंचाईच्या प्रदेशातील महत्त्व

वारंवार पाणी न बदलता मत्स्यालय टिकवण्याच्या वॉरिंग्टन यांच्या पद्धतीला मराठवाड्यासारख्या प्रदेशात व्यावहारिक अर्थ आहे. मांजरा धरण कोरडे पडल्यानंतर एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. १२ एप्रिल रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. नांदेड शहर गोदावरीकाठी असून त्याला विष्णुपुरी जलाशयाचा आधार आहे, तरी तेथेही उन्हाळ्यात पाणी जपून वापरावे लागते. अशा ठिकाणी ५० लिटरच्या पेटीतील अर्धे पाणी दर आठवड्याला ओतून देणे परवडणारे नसते.

वॉरिंग्टन यांच्या मांडणीतील बहुतेक घटक या भागात सहज मिळतात. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला या पाणवनस्पती गोदावरीच्या खोऱ्यात आढळतात. मराठवाड्यातील बेसाल्ट खडकातून येणारे कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते. व्हॅलिस्नेरियाला ते मानवते, कारण ती पाण्यातील बायकार्बोनेटपासूनही कार्बन घेऊ शकते. अमोनियाचे रूपांतर करणाऱ्या सूक्ष्मजीवांनाही असे पाणी अनुकूल असते.

तथापि काही बाबतींत वॉरिंग्टन यांचा प्रयोग जसाच्या तसा उचलता येत नाही:

* गोल्डफिश थंड पाण्यातील मासा आहे. २० अंश सेल्सियसला एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. ३० अंशांना हे प्रमाण साधारण साडेसात मिलिग्रॅमवर येते. म्हणून मराठवाड्यातील उन्हाळ्यात माशांची संख्या कमी ठेवणे आणि रात्री हवेचा पंप चालू ठेवणे हितावह ठरते.
* सूक्ष्मजीवांची वाढ होण्यास काही आठवडे लागतात. त्यामुळे आधी वाळू आणि वनस्पती लावून, मासे नंतर आणि थोडेथोडे सोडले जातात.
* नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना आणि सूक्ष्मजीवांना मारक असते. साधे क्लोरीन घातलेले पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवल्यास ते बऱ्याच अंशी उडून जाते.
* बाष्पीभवनात फक्त पाणी उडते, क्षार मागे राहतात. प्रत्येक वेळी जड पाण्याचीच भर घातल्यास क्षार वाढत जातात. वॉरिंग्टन यांनी खाऱ्या पाण्यासाठी वापरलेला उपाय येथेही लागू पडतो: भर घालण्यासाठी साठवलेले पावसाचे किंवा कमी क्षारांचे पाणी वापरणे. अधूनमधून थोडे पाणी बदलणे तरीही आवश्यक राहते; काढलेले पाणी नायट्रेटयुक्त असल्याने कुंड्यांतील झाडांना उपयोगी पडते.
* भारतातील लिम्निया गटातील काही गोगलगायी गुराढोरांच्या यकृतातील चपट्या कृमींचा प्रसार करतात. त्यामुळे तळ्यातील गोगलगायी थेट घरी आणणे टाळले जाते.
* पेटीतील मासे किंवा वनस्पती नदी-तलावात सोडल्यास स्थानिक जातींना धोका पोहोचतो.

निधन

वॉरिंग्टन १८६६ पर्यंत सोसायटी ऑफ अपोथेकरीजच्या सेवेत होते. १७ नोव्हेंबर १८६७ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बडली सॉल्टर्टन येथे, वयाच्या साठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.