विमानास लगाम घालणारा विल्बर राइट

आकाशांत विमान दिसलें म्हणजे आपणांस त्याच्या बळाचें नवल वाटतें. परंतु बळ असून ताबा नसेल, तर तेंच बळ घातक होतें. हें मर्म ज्यानें पुरतें ओळखलें, त्या विल्बर राइटचें चरित्र विद्यार्थ्यांनीं जाणून घेण्यासारखें आहे.

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजीं अमेरिकेंतील इंडियाना प्रांतांत झाला. त्याचे वडील मिल्टन राइट हे धर्मोपदेशक असून पुढें बिशप झाले. मुलगा अभ्यासांत हुशार होता. परंतु ऐन तारुण्यांत बर्फावर खेळत असतां कोणाचा दांडू तोंडावर बसून त्याचे पुढचे दांत पडले, प्रकृति ढासळली व कॉलेजचा बेत राहून गेला. तीं वर्षें त्यानें क्षयानें आजारी असलेल्या आईची शुश्रूषा करण्यांत व घरचे ग्रंथ वाचण्यांत घालविलीं. १८८९ सालीं आई वारली. पुढें धाकटा भाऊ ऑर्व्हिल याच्यासह त्यानें डेटन शहरीं बायसिकलींचें दुकान काढलें.

१८९६ सालीं जर्मनींतील ओटो लिलिएंथाल हा पंख बांधून टेकडीवरून तरंगत असतां पडून मरण पावला. तो केवळ आपलें अंग झुकवून तोल सांभाळीत असे. एवढ्यानें भागणार नाहीं, हें विल्बरनें ताडलें. बायसिकल आपण होऊन उभी राहत नाहीं. स्वार क्षणोक्षणीं तोल सांवरतो म्हणून ती चालते. विमानाचेंही तसेंच असलें पाहिजे. १८९९ सालीं दुकानांत पुठ्ठ्याची एक रिकामी पेटी सहज पिळीत असतां त्यास युक्ति सुचली: पंखांचीं टोकें तारांनीं अशींच पिळलीं, तर एक बाजू वर व दुसरी खालीं जाईल.

किटी हॉकच्या वाळवंटांत दोघां भावांनीं प्रयोग आरंभिले. १९०१ सालीं इतकें अपयश आलें कीं, विल्बर निराश होऊन परतला. पण त्यानें नशिबास बोल लाविला नाहीं. पूर्वीच्या विद्वानांचे आंकडे लांकडी वातबोगद्यांत ताडून पाहिले. १९०२ सालीं मागचें सुकाणूं हलतें करावें असें ऑर्व्हिलनें सुचविलें, व त्याच्या तारा पंखांच्या तारांस जोडाव्या असें विल्बरनें. मग पालथा निजलेला चालक कंबर सरकवी, तोंच पंख व सुकाणूं एकदम वळत. १७ डिसेंबर १९०३ रोजीं यंत्रयुक्त विमानांतून ऑर्व्हिल १२ सेकंद उडाला; त्याच दिवशीं चौथ्या खेपेस विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट गेला.

१९०८ सालीं फ्रान्समध्यें विल्बरनें सहज वळणें घेतलेलीं पाहून शंका घेणारे थक्क झाले. पण १७ सप्टेंबर रोजीं अमेरिकेंत ऑर्व्हिल विमान चालवीत असतां पंख्याचें पातें तडकून सुकाणूस धरणाऱ्या तारेवर आदळलें. विमान कोसळलें, सेल्फ्रिज नांवाचा लष्करी अधिकारी प्राणांस मुकला व ऑर्व्हिलचा पाय मोडला. विल्बरला अतिशय दुःख झालें. तथापि चारच दिवसांनीं तो पुन्हां उडाला व दीड तासाहून अधिक वेळ आकाशांत राहिला. ३० मे १९१२ रोजीं, अवघ्या ४५ व्या वर्षीं, विषमज्वरानें त्याचा अंत झाला.

त्याच्यामागें पंख पिळण्याची रीत सुटली व पंखांस हलत्या फळ्या आल्या. तरी चालकाच्या हातापासून त्या फळ्यांपर्यंत तारा, कप्प्या व दांडे यांचाच संबंध बहुत वर्षें राहिला. २५ मे १९७२ रोजीं अमेरिकेंत एक क्रुसेडर विमान हा आधार मुळींच न ठेवतां उडविण्यांत आलें. चालकाची आज्ञा संगणकाकडे व तेथून विजेच्या तारेनें पुढें जाई. १९८८ पासून एअरबस ए-३२० या उतारू विमानांतही हीच रीत आली, आणि ४ जानेवारी २००१ रोजीं बंगलोर येथें प्रथम उडालेलें आपलें तेजसही याच रीतीचें आहे. तेजस चपळ व्हावें म्हणून मुद्दामच अस्थिर ठेविलें आहे. राइटबंधूंचें विमानही अस्थिरच होतें. विल्बर जो तोल कमरेनें व हातानें सांवरी, तोच आज संगणक दर सेकंदास अनेक वेळां सांवरतो.

साधन पालटलें, पण विल्बरचा विचार पालटला नाहीं. वेग मिळविण्यापूर्वीं ताबा मिळवावा, हा धडा आकाशाइतकाच भूमीवरही खरा आहे.